बर्फाळ खिंडीतून कॉफीच्या मळ्यांत: माचू पिचूच्या जंगलवाटेविषयी वाचकांचे प्रश्न

कुस्कोहून गाडीने आब्रा मालागा खिंडीत जायचं, तिथून सायकलने सांता मारियापर्यंत उतरायचं. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या कडेने चालत सांता तेरेसा, तिसऱ्या दिवशी रेल्वेरुळालगत आग्वास कालिएन्तेस हे माचू पिचूच्या पायथ्याचं गाव आणि चौथ्या दिवशी पहाटे माचू पिचू, इन्कांचं डोंगरावरचं जुनं नगर. पेरूमधल्या या वाटेला तिथे ‘इन्का जंगल’ म्हणतात. तिच्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देतो आहे.

आम्ही सह्याद्रीत नियमित भटकतो, राजगड-तोरणा एका दमात करतो. मूळ इन्का ट्रेलचे परवाने संपले म्हणून या वाटेचा विचार आहे. ही दुय्यम वाट आहे का? आणि आम्हाला जड जाईल का? (पुणे)

दुय्यम अजिबात नाही. इन्का ट्रेल या माचू पिचूला जाणाऱ्या जुन्या पायवाटेवर दिवसाला पाचशेच माणसं सोडतात आणि त्यात वाटाडे, हमाल, स्वयंपाकी सगळे आले. फेब्रुवारीत ती वाट दुरुस्तीसाठी बंद असते. जंगलवाटेला असा परवाना लागत नाही, फक्त माचू पिचूचं तिकीट आधी काढावं लागतं. त्यामुळे ‘परवाना मिळाला नाही म्हणून’ इथे येणारे पुष्कळ असतात. पण ही वाट जे दाखवते ते त्या वाटेवर दिसत नाही.

आब्रा मालागा सुमारे ४,३०० मीटरवर आहे आणि सांता मारिया साधारण १,२०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात तीन हजार मीटरहून जास्त उतार. वर पिवळं, राठ इचू गवत, लामा-अल्पाकांचे कळप आणि आभाळ स्वच्छ असेल तर वेरोनिका शिखराचा बर्फ. खाली येताना ढगांत बुडालेलं रान लागतं, झाडांच्या फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड. मग एकेक कपडा काढत तुम्ही केळी, पपई, कॉफी आणि कोकाच्या मळ्यांत पोहोचता. इन्का राज्य याच उतारावर जगत होतं. वरच्या थंडीत बटाटा पिकवायचा, रात्रीच्या हिमात गोठवून आणि दिवसा उन्हात वाळवून त्याचा वर्षानुवर्षं टिकणारा चुन्यो करायचा. मधल्या उंचीवर मका, खालच्या उष्ण खोऱ्यात कोका. जॉन मुर्रा या अभ्यासकाने १९७२ मध्ये या व्यवस्थेची मांडणी केली. एकेका समाजाची माणसं वेगवेगळ्या उंचीवर वस्ती करून राहत आणि पीक आपसांत पोहोचवत. तुम्ही सायकलवर दोन-तीन तासांत हे सगळे थर ओलांडता. म्हणून मी तरी या वाटेला इन्कांच्या कोठारांची वाट समजतो, आणि माचू पिचू पाहण्याआधी ती पाहिलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

दमछाकीचं म्हणाल तर खरा कस दुसऱ्या दिवशी लागतो. सात-आठ तास चाल, दमट उकाडा आणि मध्ये उरुबाम्बा नदीच्या पात्रावरच्या कड्यात कोरलेला जुन्या इन्का वाटेचा तुकडा. पायऱ्या अरुंद आहेत, एका बाजूला सरळ खोल दरी. राजगड-तोरणा करणाऱ्याला हे नवीन नाही. तुमच्या पायांची मला काळजी नाही, काळजी आहे ती उंचीची. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि कुस्को ३,४०० मीटर, साधारण लेहइतकं. लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानाने तासाभरात कुस्कोत उतरलात आणि दुसऱ्याच पहाटे खिंडीत गेलात, तर डोकेदुखी आणि मळमळ यांतच पहिला दिवस जाईल. उत्तम तब्येतीच्या माणसालाही हा त्रास होतो, किंबहुना तरुण आणि तंदुरुस्त मंडळी घाई करतात म्हणून त्यांना तो जास्त होताना दिसतो. आधी दोन रात्री तरी थांबा.

आईचं वय ६४ आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघे थोडे कुरकुरतात. तिला सोबत न्यायचंय. शक्य आहे का? (न्यू जर्सी)

माचू पिचूला नक्की न्या, पण जंगलवाटेचे सायकल आणि दुसऱ्या दिवसाची चाल हे दोन भाग त्यांच्यासाठी नकोत. लिमाहून आल्यावर कुस्कोत न थांबता थेट सेक्रेड व्हॅलीत, म्हणजे उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात उतरा. ओयान्तायताम्बो सुमारे २,८०० मीटरवर आहे, तिथे झोप बरी लागते आणि गावातली इन्काकालीन गल्ल्यांची आखणी आजही वापरात आहे. तिथून आई रेल्वेने दोन तासांच्या आत आग्वास कालिएन्तेसला पोहोचतील आणि तुम्ही जंगलवाटेने येऊन त्यांना भेटाल. घरचं आणखी कुणी त्यांच्यासोबत असावं, हे मात्र पाहा. वर जायला बस आहे, अर्ध्या तासाचा प्रवास. आतल्या दगडी पायऱ्या मात्र चुकत नाहीत, म्हणून काठी न्या. टोकाला रबर असलेली काठीच आत चालते. उंचीसाठी अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी अनेक डॉक्टर देतात, पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ती चालत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत ती घ्यायची की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावं.

मी घाटांत रोड सायकल चालवतो. पन्नास-साठ किलोमीटर उतारच असेल तर त्यात अवघड काय? (नाशिक)

उतार आहे म्हणूनच सांभाळायचं. रस्ता डांबरी आहे, पण तो कुस्को आणि किलाबाम्बा यांना जोडणारा चालू रस्ता आहे, ट्रक आणि बस सतत धावतात. पेरूमध्ये वाहनं उजवीकडून चालतात. आपला हात आणि नजर डावीकडची सवय सोडत नाही. वळणावर समोरून ट्रक आला की माणूस नकळत चुकीच्या बाजूला ओढला जातो. पहिले दोन-तीन किलोमीटर मुद्दाम हळू जा आणि आपली बाजू मनाशी घोकत राहा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आपल्याकडच्या सायकलींना बहुधा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, तिकडे मिळणाऱ्या सायकलींना तो डाव्या हाताला असू शकतो. निघण्याआधी पुढचं चाक उचला, फिरवा आणि कुठल्या हाताने थांबतं ते पाहा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती मी कुणालाही टाळू देत नाही. उतरताना ब्रेक सतत घासत धरू नका, डिस्क तापून पकड सुटते. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करा आणि वळणात मोकळे सोडा. काही ठिकाणी ओढ्यांचं पाणी रस्त्यावरून वाहतं, तिथे सायकल सरळ ठेवा आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नका.

खिंडीत बोटं गारठतात, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे हवेत. हनुवटी झाकणारं हेल्मेट मागा. गुडघा-कोपराचे पॅड ढिले असतील तर बदलून घ्या, संकोच करू नका. मागून गटाची गाडी येत असते. धुकं किंवा पाऊस असेल तर सरळ तिच्यात बसा. विमा काढताना सायकलिंग आणि ४,५०० मीटरपर्यंतची उंची त्यात धरली आहे का ते लेखी विचारा. नेहमीच्या प्रवासविम्यात बरेचदा दोन्ही वगळलेलं असतं. झिपलाइन आणि राफ्टिंग हे ऐच्छिक आणि वेगळ्या पैशांचे प्रकार आहेत, नाही केले तर काही बिघडत नाही.

पीतज्वराची लस खरंच लागते का? माचू पिचूसाठी गरज नाही असं आम्हाला सांगितलं. (कोल्हापूर)

फक्त कुस्को आणि रेल्वेने माचू पिचू करणाऱ्याला रोगाच्या दृष्टीने ती लागत नाही, कारण तो उंचीवरच राहतो. तुमची वाट मात्र सांता मारिया आणि सांता तेरेसातून जाते. अँडीजच्या पूर्वेकडचा हा भाग २,३०० मीटरच्या खाली आहे आणि तिथे लशीची शिफारस केली जाते. दुसरं कारण त्याहून व्यावहारिक आहे. भारत पेरूला पीतज्वराचा देश मानतो. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून विलगीकरणात पाठवलं जाऊ शकतं. ती मुदत सहा दिवसांपर्यंत असते.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. ती अंड्यावर वाढवलेली जिवंत लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण, कमकुवत प्रतिकारशक्ती किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. आणि लस घेतली तरी पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. सांता तेरेसापासून माचू पिचूपर्यंत चावणाऱ्या बारीक माश्यांनी पायांची चाळण होते, त्या खाजेने लोक रात्रभर झोपत नाहीत. सांता तेरेसाजवळच्या कोकालमायोच्या गरम पाण्याच्या कुंडांत संध्याकाळी बसलात की त्या हमखास गाठतात.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. चार दिवस काय खायचं? (सांगली)

पोटभर खाल. हा बटाटा आणि किन्वा यांचा मूळ प्रदेश आहे, मकाही इथे मुबलक. उकडलेलं कणीस आणि चीज, शेंगदाण्याचा सॉस घातलेले बटाटे, अव्होकाडो, भात, तळलेली केळी, युका हा कंद. एकच अडचण आहे: नुसतं ‘वेहेतारियानो’ म्हटलं तर सूपमध्ये कोंबडीचं पाणी येऊ शकतं. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे पोयो’ असं सांगा, म्हणजे मांस, कोंबडी, मासा आणि कोंबडीचं पाणी यांपैकी काही नको. कागदावर लिहून ठेवलंत तर आणखी बरं. सोबत दोन-तीन दिवसांची चटणी आणि मेतकूट न्यायला हरकत नाही. फळं, बिया आणि घरगुती ताजे पदार्थ मात्र नकोत, विमानतळावर अडवतात.

कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास देतात, तो कायदेशीर आहे. पण ती पानं किंवा त्या चहाची पाकिटं भारतात आणू नका. आपल्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पान बंदी असलेल्या यादीत आहे.

मी शाळेत शिकवते. मे किंवा दिवाळीची सुटी, यांतली कुठली निवडू? (ठाणे)

मे. कोरडा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि जून ते ऑगस्टची गर्दी लागलेली नसते. दिवाळीच्या आसपास पाऊस सुरू होतो, तरी जाता येतं. जानेवारी-फेब्रुवारी मात्र टाळाच. जानेवारी २०१० मध्ये पुराने रेल्वे वाहून गेली आणि हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्याआधी फेब्रुवारी १९९८ मध्ये दरड आणि चिखलाच्या लोंढ्याने जलविद्युत केंद्र गाडलं गेलं आणि जुनं सांता तेरेसा गाव उद्ध्वस्त झालं. पूर्वी ही रेल्वे किलाबाम्बापर्यंत जायची, आता ती जलविद्युत केंद्राजवळच्या हिद्रोएलेक्त्रिका स्थानकालाच संपते. तिसऱ्या दिवशी तुम्ही ज्या रुळांशेजारून दहा-अकरा किलोमीटर चालता, त्यांचा पुढचा भाग असा गेलेला आहे. सांता तेरेसाच्या लोकांनी गाव नव्याने उभारलं, तिथे एक रात्र राहा आणि त्यांचीच कॉफी विकत घ्या.

परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस ठेवा. रास्ता रोको तिथे वारंवार होतात, २०२३ च्या जानेवारीत आंदोलनामुळे माचू पिचू काही आठवडे बंद होतं.

मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. आत दोन-तीनच तास मिळतील असं कळलं. काय पाहू? आणि हे शहर बिंगहॅमने शोधलं, हे खरं का? (सोलापूर)

आधी तिकीट नीट निवडा. २०२४ पासून तीन परिक्रमा आणि त्यांचे वेगवेगळे मार्ग ठरवलेले आहेत. चालायचं एकाच दिशेने आणि बाहेर पडलं की परत आत नाही. नेहमीच्या छायाचित्रातलं दृश्य आणि मुख्य नगर दोन्ही हवं असेल तर दुसरी परिक्रमा घ्या. पहिल्या परिक्रमेत वरून दृश्य दिसतं, पण नगरात जाता येत नाही. हंगामात हे तिकीट महिनोन् महिने आधी संपतं. मूळ पासपोर्ट सोबत ठेवा, तिकिटावरचं नाव आणि क्रमांक त्याच्याशी जुळवतात.

भिंती सगळेच पाहतात, तुम्ही पाणी पाहा. डोंगराच्या उत्तर उतारावरच्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीचा दगडी कालवा नगरात आणला आहे आणि तो एकाखाली एक अशा १६ कुंडांतून उतरतो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, दोन भ्रंशरेषांमधल्या या खांद्यावर नगर टिकलं ते निचऱ्यामुळे. पायऱ्यांच्या शेतांत वर माती, खाली वाळू-खडी आणि तळाला मोठे दगड असे थर आहेत. भिंतींत शंभराहून अधिक निचरा-मोऱ्या आहेत, जवळ जाऊन पाहिल्या तर सापडतात. बांधकामाचा बराच मोठा भाग तर जमिनीखाली, पायांत आणि भरावात आहे. सूर्यमंदिराची वक्र भिंत मूळ खडकावर कशी बसवली आहे तेही पाहा. आत झुकलेल्या भिंती, वर अरुंद होत जाणाऱ्या खिडक्या आणि चुन्याशिवाय घट्ट बसलेले ग्रॅनाइट, हे सगळं लोखंडी हत्यारं नसताना. भूकंपाच्या प्रदेशात अशा भिंती का टिकतात ते तुम्हाला उभ्या-उभ्या कळेल.

हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाचं म्हणाल, तर ‘शोधलं’ हे बरोबर नाही. २४ जुलै १९११ ला तो वर पोहोचला तो मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने वाट दाखवली म्हणून, आणि वर शेतकरी कुटुंबं त्या जुन्या पायऱ्यांवर पीक घेत होती. आगुस्तिन लिसारागा या कुस्कोच्या माणसाने १९०२ मध्येच तिथल्या भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलं होतं. बिंगहॅमने या नगराला इन्कांची शेवटची राजधानी विल्काबाम्बा मानलं, तेही चुकलं. ती राजधानी इथून खूप आत, एस्पिरितू पाम्पाच्या रानात होती आणि १५७२ मध्ये स्पॅनिशांच्या हाती पडली. माचू पिचू पाचाकुती राजाशी जोडलं जातं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाडांच्या कार्बन-कालमापनानुसार १४२० च्या सुमाराला तिथे वस्ती होती, म्हणजे आधी मानलं जात होतं त्याहून काही दशकं आधी.

बिंगहॅमने येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू शतकभराने, २०११-१२ मध्ये, पेरूला परत मिळाल्या. त्या कुस्कोतल्या कासा कोंचा संग्रहालयात आहेत. माचू पिचूहून परतल्यावर त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.