पायलटच्या परवान्यासाठी शेत विकू का?

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे, कराडजवळच्या माध्यमिक शाळेत शिक्षक. हातात ७८ हजार येतात. घरखर्च ४० हजार, गृहकर्जाचा हप्ता ११ हजार. बँकेत १४ लाखांची ठेव आणि दोन एकर वडिलोपार्जित बागायत. मुलगी यंदा बारावी सायन्स ७८ टक्क्यांनी पास झाली, तिला पायलटच व्हायचं आहे. धाकटा मुलगा नववीत आहे. एका अकादमीने ५५ लाख खर्च सांगितला. एक एकर विकून २६ लाख येतील, बाकीचं ३० लाख शैक्षणिक कर्ज. नातेवाईक म्हणतात, आधी बी.एस्सी. करू दे. मुलगी म्हणते, तोवर पुणे विमानतळावर ग्राउंड स्टाफची २० हजारांची नोकरी धरते, अनुभव मिळेल. काय करावं?

उत्तर : सर, तुम्ही पत्रात मुलीच्या हट्टाबद्दल तक्रार केलेली नाही, फक्त पैशाचा मार्ग विचारला आहे. ते वाचून बरं वाटलं. तिचं स्वप्न रास्त आहे आणि ते पुरं व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण या वर्षी शेत विकू नका.

५५ लाख हा परवान्याचा खर्च आहे, नोकरीचा नव्हे. व्यावसायिक पायलट परवान्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या, नियमानुसार २०० तास उड्डाण लागतं. ते लहान विमानावर होतं. परवाना हातात आला की एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चालवता येत नाही. त्यासाठी त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान चालवण्याची पात्रता, लागते. हे प्रशिक्षण बहुतेक वेळा उमेदवारालाच स्वतःच्या खिशातून करावं लागतं आणि त्याला साधारण १५ ते २० लाख लागतात. शिवाय परवाना मिळाल्यापासून पहिल्या पगारापर्यंत वर्ष, कधी दोन वर्षंही जातात. तेवढ्या काळाचा खर्च धरा. तुमचा खरा आकडा ७५ लाखांच्या आसपास जातो. तुमच्याकडे जमतात ५६. हा वीस लाखांचा खड्डा नेमका अशा वेळी समोर येतो, जेव्हा शेत गेलेलं असतं, कर्ज डोक्यावर असतं आणि मुलीच्या हातात परवाना असूनही पगार नसतो. माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबं याच ठिकाणी अडकलेली असतात. सुरुवातीला अकादमीला किती भरायचे एवढंच त्यांनी विचारलेलं असतं.

आता कर्जाचं बघू. ३० लाख, ११ टक्के व्याज. प्रशिक्षणाच्या काळात हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. पैसे टप्प्याटप्प्याने उचलले तरी हप्ते सुरू होईपर्यंत ही रक्कम ३८ लाखांवर गेलेली असेल. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता बसतो सुमारे ५२ हजार ३००. मुलगी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) झाली तर हा हप्ता ती सहज भरेल. नाही झाली तर सहकर्जदार म्हणून बँक तुमच्या दारात येईल, आणि तुमच्याकडे महिन्याला उरतात २७ हजार. २७ हजारांत झेपणारं कर्ज आज उचलायचं तर ते पंधरा लाखांच्या घरात येतं. तुमची मर्यादा तीच धरा. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर सेवेत आला असाल तर जुनी पेन्शनही तुम्हाला लागू नाही. म्हणजे निवृत्तीनंतर आधार उरतो तो एनपीएसचा (राष्ट्रीय पेन्शन योजनेचा) आणि त्या शेताचाच. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत.

अकादमीवाले विमानांच्या ऑर्डरींचे आकडे सांगत असतील. ते खरे आहेत: २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७०, इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. मात्र ही विमानं अनेक वर्षांत येणार आहेत, आणि कंपन्यांना खरी टंचाई अनुभवी कॅप्टनची असते. २०० तासांच्या नवख्यांची रांग मोठी आहे; एकट्या २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. त्यात एखादी कंपनी बंद पडली की अनुभवी वैमानिक एकदम बाजारात येतात आणि नवखे मागे ढकलले जातात. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट.

ग्राउंड स्टाफच्या नोकरीला माझा स्पष्ट नकार आहे. विमानतळावरचा तो अनुभव उड्डाणाच्या तासांत धरला जात नाही, भरतीतही त्याचा उपयोग होत नाही. पुण्यात भाडं आणि जेवण जाऊन हातात काही उरणार नाही, आणि पाळ्यांमध्ये अभ्यास मागे पडेल.

तेव्हा बी.एस्सी., आणि तीही फिजिक्स-मॅथ्स घेऊन. एअरलाइनला पदवी हवीच असते असं नाही. परवान्यालाही बारावी फिजिक्स-मॅथ्स पुरतं. माझा आग्रह दुसऱ्या कारणासाठी आहे. या पदवीवर विमानक्षेत्रातली दोन मोठी दारं उघडतात. पहिलं हवाई दलाचं. पदवीला ६० टक्के असतील तर एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेतून फ्लाइंग शाखेत जाता येतं, वय २० ते २४, आणि प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. त्याआधी एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही आहे. २०२२ पासून तिथे मुली घेतात, वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे तिच्याकडे फार संधी नाहीत. एक गोष्ट मात्र तिला आत्ताच सांगा: वैमानिकांसाठीची संगणकीय निवड चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तिथे नापास झाल्यास हवाई दलात उडण्याचा मार्ग कायमचा बंद. तयारी न करता नुसतं बघून येऊ म्हणून जाऊ नये.

दुसरं दार एअर ट्रॅफिक कंट्रोलचं (एटीसी), म्हणजे विमानांच्या वाहतूक नियंत्रणाचं. विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी हीच पदवी चालते, वय २७ पर्यंत, वेतनश्रेणी ४० हजार ते १ लाख ४० हजार, त्यावर भत्ते. परीक्षा कठीण आहे, पण तिथे शेत विकावं लागत नाही. आणि ही नोकरी करून स्वतःच्या पैशाने पंचविसाव्या-सव्विसाव्या वर्षी परवाना घेणं हाही सन्मानाचा मार्ग आहे. एअरलाइनमध्ये वैमानिक पासष्टीपर्यंत उडतात. तिला आज उशीर होतोय असं वाटतंय, पण तो उशीर नाही.

या तीन वर्षांत पायलटचं काम थांबवायचं नाही. पहिल्यांदा मेडिकल, याच महिन्यात. डीजीसीए-मान्य डॉक्टरकडे क्लास टू ही पहिली तपासणी होते, खर्च काही हजारांचा. ती झाली की व्यावसायिक परवान्याला लागणारी क्लास वन. चष्मा असला तर घाबरू नका, तो लावून दृष्टी पूर्ण होत असेल तर चालतो. रंगांधळेपणा मात्र अडवतो, आणि तो बऱ्याच मुलांना या तपासणीतच कळतो. पन्नास लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रेग्युलेशन, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, टेक्निकल हे पेपर. पासिंग ७० टक्क्यांना आहे. निकालाला मुदत असते, म्हणून पहिल्याच वर्षी घाई नको. हे पेपर तिने काढले तर तुम्हालाही कळेल की पैसा कुणावर लावतोय.

तिकडे तुम्ही महिन्याला २५ हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. सात टक्क्यांनी तीन वर्षांत दहा लाखांच्या जवळ जाते. १४ लाखांतले सहा लाख आजारपण आणि धाकट्यासाठी बाजूला ठेवून उरलेले आठ वाढू द्या. दोन्ही मिळून वीस लाखांच्या जवळ होतील. म्हणजे तो खड्डा भरण्यापुरते.

तेव्हाही प्रश्न शेतावर येईलच; वीस लाख आणि पंधरा लाखांचं कर्ज यात ७५ लाख बसत नाहीत, आणि तोवर फीही वाढलेली असेल. शेत विकूनही बेरीज एकसष्टपर्यंतच जाते. म्हणून त्या वेळी मेडिकल आणि पेपर हातात असतील, आणि तिचाही पगार किंवा दुसरी रक्कम जोडता येत असेल, तरच विक्रीचा विचार करा. जमीन वडिलोपार्जित आहे, तिच्यात मुलीइतकाच धाकट्याचाही हक्क आहे. त्याच्या वाट्याचं काय, हे कागदावर ठरवून घ्या. शिवाय नगरपरिषदेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या आत गट येत असेल तर ती करासाठी ग्रामीण शेतजमीन ठरत नाही, भांडवली नफ्यावर कर बसतो. २६ लाखांतले किती हातात राहतील, हे सातबारा घेऊन सीएला आधी विचारा.

अकादमी निवडायची वेळ येईल तेव्हा डीजीसीएने २०२५ पासून सुरू केलेली फ्लाइंग स्कूलांची श्रेणी बघा. गोंदिया, बारामती, शिरपूर अशी ठिकाणं राज्यातच आहेत, स्वतः जाऊन या. किती विमानं उडण्याच्या स्थितीत आहेत, प्रशिक्षक किती, आणि मागच्या तुकडीला २०० तास व्हायला किती महिने लागले, हे तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, कार्यालयात नव्हे. पावसाळ्यात उड्डाणं थंडावतात आणि वसतिगृहाचा खर्च चालू राहतो. पूर्ण फी एकरकमी कधीच भरू नका. झालेल्या तासांप्रमाणे हप्ते, आणि परताव्याची अट लेखी. याला जी संस्था तयार नसेल ती सोडून द्या, सूट कितीही देऊ करो.

क्लास टूचा रिपोर्ट आला की मला कळवा. त्यात काही अडचण निघाली तर एटीसीच्या परीक्षेची तयारी कुठून सुरू करायची, तेही आपण लगेच ठरवू.