सेवा हातातून गेली आणि मन बिथरलं

प्रिय भगिनी,

तुम्ही लिहिता, 9 वर्षं चर्चमधल्या प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीची, तयारी तुमच्याकडे होती. पाळकसाहेबांनी ती अचानक एका तरुण मुलीकडे सोपवली. आता तिनं लावलेलं मेज तुम्ही उपासनेआधी गुपचूप पुन्हा लावता आणि घरी येऊन रडता: इतकी सेवा करूनही मी नम्र का झाले नाही?

एकच काम वर्षानुवर्षं केलं की ते आपलं वाटू लागतं, मग सेवेतूनच अभिमान वाढतो. 6व्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी लिहिलेल्या नियमावलीत हे ओळखलेलं दिसतं. 57व्या प्रकरणात ते म्हणतात, आपल्या कसबामुळे मठाचा फायदा होतो असा गर्व कारागिराला झाला, तर त्याला त्या कामावरून काढावं. स्वयंपाकघराची पाळी तर दर आठवड्याला बदलायची.

आधी पाळकसाहेबांना एकांतात भेटा. न विचारता काम काढून घेतलं, हे दुखणं खरं आहे आणि ते गिळणं म्हणजे नम्रता नव्हे. बायबलमधल्या मत्तय 18:15 मध्ये प्रभू येशूनं हीच वाट सांगितली आहे: दोघंच असताना बोला. काम मात्र परत मागू नका.

मग त्या मुलीला सगळं द्या. कपाटाची किल्ली द्या. प्याले किती लागतात, उरलेल्या रसाचं आणि भाकरीचं काय करायचं, कापडावरचा डाग वाळायच्या आत गार पाण्यात भिजवायचा, हे एका कागदावर लिहून द्या. एकदा शेजारी उभ्या राहा, हात तिचेच चालू द्या. पुढचे तीन महिने त्या मेजाकडे फिरकू नका. कापड वाकडं दिसेल, एखादा प्याला कमी पडेल. पडू द्या. तिनं विचारलं तर सांगा, विचारलं तेवढंच.

या काळात दुसरं काम करा, पण ते स्वतः निवडू नका. मुद्दाम निवडलेलं हलकं काम फार फसवं असतं. फरशी पुसतानाही कुणी बघतंय का, इकडे लक्ष जातं. खुर्च्या लावणाऱ्या मुलाला विचारा, "मी काय करू?" त्यानं ओळीत 8 सांगितल्या तर 8 लावा, 10 बसतात हे ठाऊक असलं तरी. टोचेल ते इथेच, आणि तुम्हाला हवं ते शिक्षणही इथेच आहे.

सेवा करून घेणंही शिका. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात शिष्य पेत्र प्रभूला आपले पाय धुऊ देत नव्हता. कष्टाळू माणसांची अडचण नेमकी हीच असते. आजारी पडलात आणि मंडळीतून कुणी डबा आणला, तर "कशाला त्रास घेतलात" न म्हणता घ्या.

एक मोह नक्की येईल. कुणीतरी म्हणेल, "तुमच्यासारखं तिला जमत नाही." तेव्हा "मी कुठली एवढी मोठी" असंही म्हणू नका, त्यातून कौतुकच वाढतं. "काही सुचवायचं असेल तर तिलाच सांगा, ती ऐकते," एवढं म्हणा आणि दुसरा विषय काढा.