वाचक विचारतात: बेडूकतोंड्या देव कोणाचा?

प्रश्न: परवा एक्सप्रेस पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि नेमकं मोबाईलवर त्साथोग्वा ह्या कथांमधल्या बेडूकतोंड्या देवाचं वर्णन आलं, टरकलीच! हा भयकथाकार लव्हक्राफ्टचाच ना?
– एक वाचक, कळवा

उत्तर: नाही हो, हा मूळचा अमेरिकन लेखक क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथचा, १९२९ मधला, पण लव्हक्राफ्टला इतका आवडला की त्याने आपल्या कथेत घेतला आणि ती १९३१ च्या ऑगस्टमध्ये आधी छापून आली, स्मिथची नोव्हेंबरात, म्हणून हा घोळ. ढेरपोट्या, अंगभर बारीक लव, डोळे अर्धे मिटलेले, जिभेचं टोक बाहेर. आणि आळशी किती! एका कथेत डोंगराखालच्या गुहेत माणूस बळी म्हणून समोर येतो तर ह्याचं पोट भरलेलं, मग काय, दिला पुढच्या राक्षसाकडे पाठवून. अगदी ‘साहेब जेवायला गेलेत, पलीकडच्या टेबलावर विचारा’ टाईप. मला तरी तिथे भीतीपेक्षा हसूच जास्त आलं.