वाचक विचारतात : अमेरिकेतल्या खेड्यातलं घर

प्रश्न : ओहायोत एका छोट्या गावाच्या हद्दीबाहेर आम्ही घर घेत आहोत. पाणी बोअरचं, सांडपाण्याला सेप्टिक टँक. आजवर शहरातच राहिलो. काय बघून घ्यावं?

उत्तर : तिथे नगरपालिका तुम्हीच, असं धरून चाला. खासगी बोअरच्या पाण्याला केंद्र सरकारचे पिण्याच्या पाण्याचे नियम लागू नाहीत. तपासणी मालकाने करायची. व्यवहार पुरा होण्याआधी एकदा आणि पुढे दरवर्षी पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. कोलिफॉर्म जंतू आणि नायट्रेट या दोन चाचण्या हव्यातच. भोवती मका-सोयाबीनची शेती असेल तर खताचं नायट्रेट पाण्यात उतरतं. सार्वजनिक नळाच्या पाण्याला लिटरमागे 10 मिलिग्रॅम (नायट्रोजनच्या हिशेबाने) ही मर्यादा आहे, तीच तुम्हीही धरा. त्यावर गेलं तर तान्ह्या बाळाला ते पाणी धोक्याचं. उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. आरओ लावा.

सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी सच्छिद्र नळ्यांतून अंगणाखालच्या मातीत जिरतं. टाकी वेळेवर उपसली नाही की गाळ त्या नळ्यांत शिरतो, माती चोंदते आणि घाण न्हाणीघरात उलटी येते. नवी जिरवण्याची जागा तयार करायला हजारो डॉलर लागतात, उपसायला काहीशे. म्हणून दर 3 ते 5 वर्षांनी उपसा. आपल्या स्वयंपाकघरातला खरा शत्रू म्हणजे तळणीचं तेल : कढई आधी कागदाने पुसा, कागद कचऱ्यात टाका, मगच धुवा. ओले वाइप्स, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, कमोडमध्ये नकोत. सगळे कपडे एकाच दिवशी धुऊ नका. जिरवण्याच्या जागेवर गाडी लावू नका, झाडंही नकोत. विकणाऱ्याकडून टाकीचं झाकण कुठे आहे आणि शेवटचा उपसा कधी झाला, हे लेखी घ्या.

आणखी एक : वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही बंद. पाणी साठवून ठेवा. जनरेटर घरापासून निदान 20 फूट लांब. गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा, चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : घर तापवायच्या गॅसची, म्हणजे प्रोपेनची, टाकी 500 गॅलनची, पण भरणारा 400 वरच थांबतो. फसवणूक तर नाही?

उत्तर : नाही. द्रवरूप प्रोपेन उष्णतेने बरंच फुगतं, म्हणून टाकी 80 टक्केच भरतात. काटा 30 टक्क्यांवर आला की मागणी नोंदवा. बर्फाने वाट अडली तर टँकर दारापर्यंत येत नाही. टाकी पार रिकामी झाली तर गळतीची तपासणी झाल्याशिवाय हीटर पुन्हा पेटवत नाहीत, आणि त्याचे पैसे वेगळे. टाकी भाड्याची असेल तर गॅस बहुधा त्याच कंपनीकडून घ्यावा लागतो. भाव आधी विचारा.

प्रश्न : रस्त्याकडेची पत्रपेटी बर्फ काढणाऱ्या गाडीने पाडली. नवी किती उंच लावावी?

उत्तर : रस्त्यापासून 41 ते 45 इंच उंच, कडेपासून 6 ते 8 इंच आत. खांब घट्ट हवा, पण सिमेंटचा नको. गाडी धडकली तर आतला माणूस दगावू शकतो. लावण्याआधी स्थानिक टपाल कचेरीत विचारा. आणि खड्डा खणण्यापूर्वी काही दिवस 811 ला फोन करा. जमिनीखालच्या तारा-नळ्यांवर खुणा करून देतात, फुकट.