वाचकांचे प्रश्न : जुना फ्लॅट घेऊन, दुरुस्त करून विकताना

जुना फ्लॅट घ्यायचा, त्याची डागडुजी करायची आणि विकायचा, अशा व्यवहारांबद्दल आलेल्या पत्रांतली सहा निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : कोथरूडला १९८८ सालच्या इमारतीत ५८० चौरस फूट कार्पेटचा फ्लॅट ६२ लाखांना मिळतो आहे. ७ लाख दुरुस्तीला घालून आठ महिन्यांत ८० लाखांना विकला, तर ११ लाख सुटतात. ४० लाख कर्ज काढणार आहे. हिशोब बरोबर आहे ना?
*— एक वाचक, पुणे*

वजाबाकी बरोबर आहे, पण निम्मे आकडे कागदावर आलेलेच नाहीत. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ३४ हजार. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. दलाली घेताना आणि विकताना १-१ टक्का धरली (बरेच जण २ मागतात) तरी १ लाख ४२ हजार. ४० लाखांवर ९ टक्क्यांनी आठ महिन्यांचे व्याज २ लाख ४० हजार. देखभाल, मिळकत कर, वीज मिळून ३५ हजार. आणि दुरुस्तीत न धरलेल्या कामांसाठी १५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार. जुन्या इमारतीत हे लागतातच. एकूण १० लाख ११ हजार. तुमच्या ११ लाखांतून हाती उरतात ८९ हजार, आणि त्यावर आयकर. २४ महिन्यांच्या आत विकल्यामुळे नफा अल्पमुदतीचा ठरतो आणि तुमच्या उत्पन्नात मिळवून नेहमीच्या टप्प्यांनी कर बसतो. दोन वर्षे थांबलात तर १२.५ टक्के, पण मग व्याजही दोन वर्षांचे.

कर सोडून ६ लाख तरी मिळावेत असे वाटत असेल, तर घासाघीस करून सव्वासत्तावन्न लाखांपर्यंत यायला हवे. किमतीत १ लाख कमी झाला की शुल्क आणि दलाली धरून १ लाख ८ हजार वाचतात. मात्र शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत यांत जी जास्त असेल तिच्यावर लागते. त्यामुळे रेकनरच्या खाली उतरलात तर शुल्क वाचत नाही. शिवाय फरक १० टक्क्यांहून जास्त झाला, तर तो आयकर खाते तुमचे उत्पन्न समजते. फ्लॅट फक्त घरातल्या स्त्रीच्या नावावर घेतल्यास शुल्कात १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ६२ हजार. नवरा-बायकोच्या जोडनावावर ती मिळत नाही.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून महिना संपल्यावर ३० दिवसांत भरणे ही तुमची जबाबदारी आहे. पुण्यात हमखास येणारी अडचण वेगळीच असते. मालक अमेरिकेत आणि सही करायला मुखत्यार. परदेशस्थ विक्रेत्याला हा १ टक्का लागू नाही. दीर्घ मुदतीच्या नफ्याचा दर, अधिभार आणि उपकर धरून कपात करावी लागते. विक्रेत्याने कमी कपातीचा दाखला आणला नसेल, तर ती बहुधा पूर्ण किमतीवर होते. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून हे विसार देण्याआधीच बोलून घ्या.

दुरुस्तीचा खर्च नफ्यातून वजा करायचा असेल तर पक्की बिले हवीत आणि पैसे बँकेतून गेलेले दिसायला हवेत. मिस्त्रीच्या हातात रोख ठेवलेला लाख हिशोबात धरता येत नाही.

प्रश्न : फ्लॅट वडिलांच्या नावावर होता. ते गेल्यावर नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचे नाव भागपत्रावर लागले आहे. तो विकायला तयार आहे आणि ५ लाख टोकन मागतो. द्यावे का?
*— एक वाचक, नाशिक*

एवढ्यावर नको. भागपत्रावर नाव असले तरी नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, मालक नव्हे. आई, भाऊ, बहिणी, आणि आधी गेलेल्या भावंडाची मुले, सगळ्यांचा हिस्सा शिल्लक असतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून अडकलेले व्यवहार कुठल्याही नोंदणी वकिलाकडे डझनाने सापडतील. दोन रस्ते आहेत. सर्व वारसांनी करारात विक्रेते म्हणून सही करावी, किंवा बाकीच्यांनी मुलाच्या नावे हक्कसोडपत्र करावे. ते नोंदणीकृत हवे. नोटरी केलेला कागद चालत नाही. मृत्युपत्र असल्याचे सांगितले, तर ते वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदांची साखळी बिल्डरच्या पहिल्या करारापासून तपासा. प्रत्येक टप्प्याची सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू), मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, आणि कर्ज असेल तर बँकेचे पत्र हे सगळे हाती हवे. मूळ कागद बँकेत असतील तर कर्जफेडीनंतर ते सुटून यायला काही आठवडे जातात. ऐंशीच्या दशकातल्या करारात अपुरे मुद्रांक हा नेहमीचा दोष. त्या काळी साध्या स्टँपपेपरवर करार होत, आणि १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणाऱ्या करारालाही खरेदीखतासारखे शुल्क लागू झाले. तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड चढतो. तो कोणी भरायचा हे आधी ठरवा, नाहीतर तुमच्या पुढचा खरेदीदार बँकेच्या वकिलाकडून हाच मुद्दा काढून तुमच्याच किमतीतून कापून घेईल.

टोकन द्यायचेच तर ५१ हजार, चेकने, आणि विसारपावतीवर. पावतीत पाच गोष्टी हव्यात : ठरलेली किंमत, कराराची तारीख, कोणते कागद कोणत्या दिवसापर्यंत द्यायचे, हक्क निर्विवाद न निघाल्यास किती दिवसांत पूर्ण रक्कम परत, आणि तोवर दुसऱ्याशी बोलणी करायची नाहीत ही अट. यानंतर दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन १४-१५ दिवस थांबा. मोठी रक्कम त्यानंतर, करार नोंदवतानाच.

प्रश्न : घेतलेल्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती खालच्या मजल्यावर उतरते. मिस्त्री म्हणतो फरशीच्या फटी भरून केमिकल मारले की काम होईल. विकायच्या फ्लॅटला तेवढे पुरेल का?
*— एक वाचक, ठाणे*

एक पावसाळा पुरेल, कदाचित. तोवर विकून मोकळे व्हायचा विचार असेल तर खालचा मालक तुम्हालाही शोधेल आणि नव्या मालकालाही.

आधी गळती कुठली ते ओळखा. डाग दिवसरात्र ओला राहत असेल तर दाबाची पाण्याची लाइन किंवा फ्लशची टाकी. फक्त आंघोळीनंतर वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा किंवा फरशी. बाथरूमचा मुख्य कॉक २४ तास बंद ठेवून खाली डाग सुकतो का पाहा. मग लाइनला हातपंपाने दाब द्या. १० किलोपर्यंत नेऊन तासभर काटा हलला नाही तर लाइन निर्दोष. शेवटी ट्रॅपला बूच मारून दोन इंच रंगीत पाणी २४ तास भरा. या तीन तपासण्यांना दोन-तीन दिवस जातात आणि जवळपास काही खर्च येत नाही. तरीही त्या न करता थेट फोडाफोड सुरू होते.

दोष फरशीखाली निघाला तर सगळे काढायचे. ८ × ४ फुटांच्या बाथरूममध्ये ९ इंच खोल कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा भराव) असेल तर २४ घनफूट, म्हणजे पाव ब्रासला (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा कमी. वजन सव्वा टनाच्या आसपास, २५-३० किलोची चाळीसेक पोती. ती हॉलच्या मध्यभागी रचून ठेवू नका. रोजची रोज खाली उतरवा आणि सोसायटीकडून लिफ्ट वापराची वेळ आधीच लिहून घ्या.

स्लॅब उघडा पडला की सळया पाहा. गंजून फुगल्या असतील तर तारेच्या ब्रशने गंज काढून गंजरोधक लेप आणि पॉलिमर मॉर्टर. सिमेंटचा नुसता गिलावा ओढला तर आतला गंज वाढून तो पुन्हा सुटतो. पाइप जिथून स्लॅब भेदतात ती भोके न आकसणाऱ्या ग्राउटने ठासून भरा. बहुतेक गळती इथेच असते, कारण प्लंबर ट्रॅपखाली विटेचा तुकडा लावून भोवती कोरडे सिमेंट टाकतो. भिंत आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) मारा, त्यावर जाळी बसवा. मग पॉलिमर-सिमेंटचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. लेप तयार फरशीच्या वर फूटभर, शॉवरच्या भिंतीवर ६-७ फूट, आणि उंबऱ्याबाहेर सहा इंच यायला हवा. उंबऱ्याशी लेप तोडला की पाणी बेडरूमच्या टाइल्सखाली सरकते आणि भिंतीला पोपडे धरतात.

लेप वाळला की ४८ तास पाणी भरून खाली छत तपासा. कोरडे राहिले तर भराव आणि ट्रॅपकडे शंभरास एक असा उतार. त्या कोब्यावर पुन्हा लेप, पुन्हा ४८ तास पाणी. टाइल्स अढेसिव्हने बसवा. फट २ मिलिमीटर, भरायला इपॉक्सी. व्हाइट सिमेंट सहा महिन्यांत फटीतून झडते. लेपानंतर प्लंबरला छिन्नी लावू देऊ नका. कमोडचे माप, डायव्हर्टरची उंची आणि गीझरचे पॉइंट आधीच पक्के करा. खालच्या मालकाचे छत लगेच रंगवू नका. महिनाभर वाळू द्या, नाहीतर पुट्टी उडेल आणि दोष तुमच्या नव्या कामावर येईल.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडून जागा मोकळी करायची आहे. परवानगी लागते का?
*— एक वाचक, डोंबिवली*

आधी इमारत कशावर उभी आहे ते पाहा. तळमजला अधिक दोन-तीन मजले, ९ इंची भिंती एकावर एक, कुठे खांब दिसत नाहीत, अशी असेल तर त्या भिंतीवर वरचे मजले टेकलेले असतात. ती पाडायची नाही. आरसीसी सांगाड्यातली साडेचार इंची भिंत बहुधा निव्वळ आडोसा असते, तरी अभियंत्याचे लेखी मत आणि सोसायटीची परवानगी घ्या आणि महापालिकेच्या मंजुरीचे विचारा. नवीन आडोसा उभा करायचा असेल तर वजन लक्षात ठेवा. १० फूट उंच चार इंची विटेची भिंत गिलाव्यासकट मीटरला पाऊण टनाजवळ जाते, तर तेवढ्याच जाडीची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) साडेतीनशे किलोच्या आसपास. पाइपसाठी खांब आणि तुळया कोरू देऊ नका, एवढे मात्र कामावर उभे राहून सांगा.

प्रश्न : ठेकेदार सगळ्या कामाचे एकरकमी ७ लाख सांगतो. निम्मे आगाऊ हवे म्हणतो.
*— एक वाचक, कोल्हापूर*

निम्मे आगाऊ दिले की तुमचा माणूस दुसऱ्याच साइटवर दिसू लागतो. एकरकमी आकडा मोडून कलमवार दर मागा : वॉटरप्रूफिंग चौरस फुटाला, स्कर्टिंग धावत्या फुटाला, वायरिंग पॉइंटला. मोजायची पद्धतही लिहा. १० × १२ फूट खोलीच्या भिंती, साडेनऊ फूट उंचीने, ४१८ चौरस फूट आणि छत १२०. दारे-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, यावरच शेवटी भांडण होते. टाइल्स २ × २ च्या घेतल्या तर एका खोक्यात चार, साधारण १५.५ चौरस फूट. ४०० चौरस फुटांना ६ टक्के तुटफूट धरून २८ खोकी, सगळी एकाच बॅचची. दोन खोकी जास्त घ्या, वर्षाने ती छटा मिळत नाही.

पैसे टप्प्याने द्या. १० टक्के सुरुवातीला. फोडकाम, प्लंबिंग आणि कन्सील्ड पाइप तपासून झाल्यावर २५. वॉटरप्रूफिंगची पाणीचाचणी उतरल्यावर २५. टाइल्स आणि ओट्यानंतर २०, रंग-फिटिंगनंतर १५. उरलेले ५ टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून. वायरिंग जुने असेल तर ते नवेच करा : दिव्यांना १.५, प्लगना २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). तीन एसी लावायचे तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्या. गिलावा मारण्याआधी भिंतीवर मोजपट्टी धरून सगळ्या पाइपांचे फोटो काढा. पुढचा मालक तेच मागतो.

नवा गिलावा चारेक आठवडे वाळल्याशिवाय पुट्टी नको. घाईने विकायच्या फ्लॅटमध्ये हीच चूक सर्वांत जास्त दिसते. खरेदीदार दुसऱ्यांदा पाहायला येतो तोवर भिंतीवर पापुद्रे आलेले असतात.

प्रश्न : मुंबईत जुन्या सोसायटीत “पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत” म्हणून चढ्या भावाने फ्लॅट देत आहेत. घ्यावा का?
*— एक वाचक, बोरिवली*

“बोलणी सुरू” याला किंमत देऊ नका. कागद कुठपर्यंत आले त्याला द्या. जमिनीचे अभिहस्तांतरण (मालकीचे हस्तांतरण, कन्व्हेयन्स) सोसायटीच्या नावे झाले आहे का, बिल्डर करून देत नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज तरी केला आहे का? व्यवहार्यता अहवाल आला आहे का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्देशांप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेत एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांनी विकासक निवडला आहे का, सभेला उपनिबंधकांचा प्रतिनिधी होता का? विकास करारनामा नोंदवला आहे का? यांतले काहीच नसेल तर तो साधा जुना फ्लॅट आहे आणि भावही तसाच हवा.

करार झाला असेल तर मंजूर नकाशावरचे कार्पेट तपासा, कारण वाढीव जागा त्यावर मोजली जाते, विक्रेत्याने सांगितलेल्या सुपर बिल्टअपवर नाही. भाडे, कॉर्पस (विकासक सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम) आणि स्थलांतराची रक्कम कोणाला मिळणार, हे विक्रेत्याशी करारात लिहून घ्या. इमारत रिकामी झाल्यानंतर खरेदी करत असाल, तर विक्रेत्याने आगाऊ उचललेले भाडे आणि तुमच्या ताब्याच्या तारखा जुळतात का, ते सोसायटीच्या चिटणिसांकडून लेखी घ्या.