म्युझियम स्टडीजला अर्ज करतेय, पण अनुभव शून्य!

प्रश्न : ताई, मी इतिहासात बीए करतेय, शेवटचं वर्ष. पुढे म्युझियम स्टडीज करायचंय. अर्जासोबत स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते लिहून मागितलंय आणि 'मला लहानपणापासून म्युझियम आवडतं' याच्यापुढे गाडी सरकतच नाहीये. अनुभव काहीच नाही. त्यात घरचे म्हणतात, एवढं शिकून शेवटी गाइडच होणार ना?

उत्तर : अगं, आधी ते लहानपणीचं वाक्य उडव. अर्ज तपासणाऱ्यांना ते वाचून वाचून पाठ झालेलं असतं. त्यापेक्षा एखाद्या म्युझियममधलं एकच दालन पकड आणि तासभर वस्तू सोडून बाकी सगळं बघ. म्हणजे लेबल उभ्या उभ्या वाचून होतं का, व्हीलचेअरवरून दिसतं का, लोक कुठे थांबतात, कुठून सरळ पुढे निघून जातात, आणि जुनी कापडं किंवा कागद ठेवलेत तिथे उजेड इतका कमी का असतो. कागद-कापडावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत, कारण एकदा उडालेला रंग परत येत नाही. पण मग बघायला आलेले लोक वैतागतात की काही दिसतच नाही! वस्तू जपायची पण आणि दाखवायची पण, या भांडणातच तुझी दोन वर्षं जाणार आहेत, तेव्हा तू तिथे काय बदललं असतंस हे लिही, अनुभवाचा रकाना रिकामा असला तरी चालतंय.

कोर्स निवडताना मी तरी एकच गोष्ट आधी बघेन, ती म्हणजे खऱ्या वस्तूंना हात लावायला मिळतो की नाही. कॉलेजचं स्वतःचं कलेक्शन आहे का, इंटर्नशिप सक्तीची आहे का आणि तिथे नक्की काय काम देतात, हे आत्ता शिकणाऱ्या मुलांनाच विचार, माहितीपत्रकात सगळंच छान असतं. पॉल सॅक्स यांनी १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये म्युझियमचा कोर्स चालवला तेव्हा मुलांना हार्वर्डच्याच फॉग म्युझियममधल्या खऱ्या वस्तू हाताळायला द्यायचे. शंभर वर्षं झाली, अजूनही याला पर्याय नाही.

आणि हो, अभ्यास वाटतो तेवढा ग्लॅमरस नाहीये. बराच वेळ नोंदींमध्ये जातो. वस्तूवर २०२४.१२.३ असा नंबर असेल तर २०२४ साली आलेल्या बाराव्या लॉटमधली तिसरी वस्तू, ही एक नेहमीची पद्धत. तो नंबरही थेट वस्तूवर लिहायचा नाही, आधी पुसून काढता येईल असा रेझिनचा थर द्यायचा मग त्यावर लिहायचं. कंडिशन रिपोर्टमध्ये प्रत्येक तडा, प्रत्येक डाग टिपायचा. ती वस्तू आली कुठून, कोणाकोणाच्या हातातून आली हेही खणून काढायचं, कारण चोरीच्या आणि तस्करीच्या वस्तूंबाबत युनेस्कोचा १९७० चा करार आहे आणि कागदपत्रं नसतील तर चांगली म्युझियम्स सुंदर मूर्तीसुद्धा नाकारतात. मला विचारशील तर हाच सगळ्यात इंटरेस्टिंग भाग, अगदी डिटेक्टिव्हगिरी.

घरच्यांना सांग की रजिस्ट्रार (म्हणजे वस्तूंच्या नोंदी सांभाळणारा), एज्युकेशन ऑफिसर, प्रदर्शन डिझाइन, आर्काइव्ह अशी बरीच कामं असतात (आणि चांगला गाइड होणंही सोपं नाहीये बरं का). फक्त जागा कमी असतात आणि सुरुवातीचा पगार बेताचाच, हे त्यांच्यापासून लपवू नकोस.

प्रश्न : मी केमिस्ट्रीवाला आहे, मला घेतील का?

उत्तर : बऱ्याच ठिकाणी कुठलीही पदवी चालते, पात्रतेच्या अटी तेवढ्या नीट वाच. पण तुला वस्तू दुरुस्त करण्यात, टिकवण्यात रस असेल तर थेट कॉन्झर्व्हेशनचा कोर्स शोध, तो वेगळा असतो आणि तिथे केमिस्ट्री लागतेच. म्युझियम स्टडीज केलं म्हणून कोणी तुझ्या हातात तडकलेलं पेंटिंग देणार नाही.