मी रडले, आता बाळाचं काय?

पाचवा-सहावा महिना लागलेल्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा प्रश्न बहुधा एकच असतो : "मॅडम, माझं टेन्शन बाळाला पोचतं का हो?" पुण्यात गर्भसंस्कार वर्गांना तोटा नाही. तिथली गाणी, श्लोक छानच; पण आईच्या मनात येईल ते बाळात उतरतं, एवढं ऐकून घरी गेलेल्या बाईची झोप उडते.

वाकडहून येणारी ही मुलगी आयटीतली. नवऱ्याशी खटका उडाला की रडायची, मग पोटावर हात ठेवून बाळाची माफी मागायची. सासूबाई मायेनंच म्हणत, "अभिमन्यू पोटातच शिकला ना!" तिला 'शांत राहा' असं मी एकदाही म्हटलं नाही. ते सगळेच सांगत होते.

एकदा विचारलं, "वार, म्हणजे प्लॅसेंटा, कुणाची गं? तुझी की बाळाची?"

"माझीच ना?"

"मुख्यतः बाळाची. गर्भाच्याच पेशींतून ती बनते आणि गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. तुझं रक्त तिच्यापाशी येतं, शेवटी शेवटी मिनिटाला अर्धा लिटर तरी, पण बाळाच्या रक्तात मिसळत नाही. ऑक्सिजन, साखर आत जाते, नको ते बाहेर येतं. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल असतं ना, वारेतलं एक एन्झाइम त्यातलं बरंचसं निष्प्रभ करतं."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे राखणीला मी एकटीच नाहीये?"

आणि रडली. माफी न मागता. त्यानंतर आधीचा गर्भपात निघाला, ज्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. अपराधीपणाच्या खाली अशी एखादी भीती दबलेली असते, हे मला आता चेहऱ्यावरूनच कळतं. धीर देण्याआधी वस्तुस्थिती द्यावी, या मताची मी. सहकारी याला शाळा घेणं म्हणतात, म्हणोत.

वारेच्या भरवशावर सगळंच सोडता येत नाही, हेही तिला सांगितलं. निकोटिन, दारू ती अडवत नाही, बरीच औषधंही पार होतात. महिनोन्‌महिने चाललेला तीव्र ताणही अंगावर काढायचा नसतो. दोन आठवडे सलग उदास वाटलं, झोप-भूक गेली, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. गरोदरपणातही यावर उपचार होतात. आणि मनाच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर त्या परस्पर बंद करू नका.